छापील खंडात आडनाव सापडले, म्हणजे पूर्वज सापडला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा १९०५ च्या सुमारास वाई तालुक्यातल्या गावातून मुंबईला गिरणीत आले. गावची पाटीलकी आपल्याकडे होती, असे घरात पूर्वीपासून सांगतात. आता पेशवेकालीन कागदांच्या एका छापील खंडात त्याच गावाचे नाव आणि पाटील म्हणून एका जाधवाचे नाव मिळाले आहे, कागद १७७२ चा. प्रश्नकर्तेही जाधवच. हे आपलेच पूर्वज समजायचे का? मधली साखळी छापील साधनांतून जोडता येईल का? आणि एक गृहस्थ ठरावीक रक्कम घेऊन पूर्ण वंशावळ करून देतो म्हणतात, त्यांना काम द्यावे का?

पहिल्याचे उत्तर आधी देतो. अजून समजू नका, पण टाकूनही देऊ नका. मी बरीच वर्षे वतनाचे, म्हणजे पाटीलकीसारख्या वंशपरंपरेच्या हक्काचे, मोडी कागद वाचतो आहे, आणि माझ्याकडे येणारे दहातले आठ जण याच जागी उभे असतात: हातात आडनाव, समोर जुना छापील कागद, आणि मध्ये मोठी दरी. दरीपेक्षा मला काळजी वाटते ती आडनावावरच्या विश्वासाची. जाधव, शिंदे, पवार, मोरे ही आडनावे नसलेला तालुका साताऱ्यात शोधून सापडणार नाही. एकाच गावात जाधवांच्या दोन आळ्या असतात आणि त्यांचे एकमेकांना सुतक नसते. म्हणून गावी गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: आपल्याला सुतक कोणाचे लागते? भाऊबंदकीचा याहून भरवशाचा तोंडी पुरावा मला माहीत नाही. त्या घरांची यादी करा. तुमच्या घराचे कागद नसले तरी त्यांच्यापैकी कोणाकडे तरी ट्रंकेत काहीतरी निघते.

दुसरे असे की त्या काळच्या कागदात माणसाची ओळख आडनावाने लागेलच असे नाही. ‘रामजी बिन संताजी, मोकदम मौजे अमुक, प्रांत वाई’ अशी ती असते. नाव, बापाचे नाव, हुद्दा, गाव. मोकदम म्हणजे पाटील. आडनाव कधी येते, कधी येत नाही, आणि कधी ‘पाटील’ हेच पुढे आडनाव होऊन बसते. मुंबईत शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गिरणीच्या मस्टरवर जे लिहिले गेले ते कायमचे चिकटले. म्हणून माझा नेम साधा आहे: आडनाव हातातून सुटले तरी चालेल, गाव सोडायचे नाही. गाव, वतन आणि वतनातला वाटा, या तिन्हींच्या आधाराने माणूस ओळखायचा.

गाव धरायचे म्हणजे गावाचे नुसते नाव धरून भागत नाही. वडगाव म्हटले की वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव हवेली अशी रांग उभी राहते. जुन्या कागदात गावापुढे तर्फ, संमत, परगणा किंवा प्रांत असतो, तो टिपून ठेवा. कागदात शेजारच्या एखाद्या गावाचा उल्लेख असेल तर आणखी चांगले. शीव लागून असलेली दोन गावे एकत्र आली की शंका उरत नाही. आजचा तालुका मात्र जुन्या कागदावर लादू नका. खंडाळा पूर्वी वाईचा पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटभाग, होता, महाबळेश्वर जावळीत होते.

आता तुम्हाला मिळालेल्या खंडाकडे येऊ. पेशव्यांच्या आणि सातारकर छत्रपतींच्या रोजनिशांतले उतारे गणेश चिमणाजी वाडांनी निवडले, मावजी आणि पारसनिसांनी ते छापले. त्याच मंडळींनी वतनपत्रे, निवाडपत्रे, सनदा यांचेही भाग काढले. राजवाड्यांचे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड, सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड, भारत इतिहास संशोधक मंडळाची शिवचरित्रसाहित्याची मालिका, ही सगळी आपली छापील श्रीमंती. पण ही निवड आहे, हे क्षणभरही विसरू नका. ज्यांनी ती केली त्यांना राजकारण हवे होते, न्यायपद्धती हवी होती, भाषा हवी होती. तुमच्या गावच्या पाटलाचा कागद छापला गेला तो त्याच्या भांडणात काहीतरी रंजक होते म्हणून. शेजारच्या गावचा छापला नाही, म्हणून तिथे पाटील नव्हता असे होत नाही. त्यामुळे खंडात उल्लेख नाही याला पुरावा म्हणून किंमत शून्य.

उल्लेख आहे, त्याची किंमत वेगळीच आहे. छापील नोंद मूळ कागद कुठे आहे ते सांगते. रोजनिशीतले उतारे पुष्कळदा चार-सहा ओळींचे असतात, पण त्या ओळींमागे एखाद्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, दहा हात लांब कागद पडलेला असू शकतो. उताऱ्याच्या मथळ्यावर, शेवटी किंवा तळटीपेत दफ्तराचा, रुमालाचा, पुडक्याचा काही आकडा आहे का ते बघा. तो घेऊन पुण्याच्या पुराभिलेखागारात रीतसर अर्ज करता येतो. तिथे कोट्यवधी कागद आहेत आणि बहुतेक मोडीत. ‘जाधव पाटील द्या’ म्हणून गेलात तर हात हलवत परत याल. शाहू दफ्तर, घडणी, प्रांत अजमास असे विभाग आहेत, त्यातला कोणता आणि कोणत्या प्रांताचा हे सांगावे लागते.

तारखेचीही खात्री करा. अशा कागदांवर अरबी सन अक्षरी असतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७७२-७३. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून दोन आकडे. संपादकाने घातलेला इसवी सन बहुधा बरोबर असतो, पण फसली (महसुली वर्षाचा दुसरा सन) आणि अरबी सनाची गल्लत झालेली छापील पानेही आहेत. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे असतात. नऊ वर्षांचा फरक पडला की बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते.

मूळ कागद मिळालाच तर त्यात काय शोधायचे? पाटीलकीचा वाद असेल तर दोन्ही बाजूंनी आपापला करीना लिहून दिलेला असतो. आमचा मूळपुरुष अमका, त्याला इतके मुलगे, थोरल्याकडे वडीलपण, धाकटा दुष्काळात परागंदा झाला, मागे त्याच्या लेकाने येऊन तंटा मांडला, असा सगळा मजकूर. वंशावळीच्या माणसासाठी याहून मोठे घबाड नाही. फक्त करीना ही वादीची बाजू असते. भावकीतल्या अडचणीच्या शाखा त्यात सहज गायब होतात, किंवा खऱ्या भावाला ‘हा आमच्यातला नव्हेच’ म्हणून टाकलेले असते. दोन्ही करीने शेजारी ठेवून वाचावेत. ज्या नावांवर भांडणारे दोघेही सहमत आहेत ती बिनधास्त घ्यावीत.

वाद गोतापुढे, म्हणजे गावच्या सभेपुढे, गेला असेल तर महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, असतो, आणि त्यात हाजीर मजालसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची, यादी. ही यादी कोणी वाचत नाही, आणि मला तर तीच सगळ्यात मोलाची वाटते. पाटील, कुलकर्णी, चौगुला यांच्याबरोबर सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार असे बलुतेदार नावानिशी येतात, कधी बापाच्या नावासकट. ‘आमच्याकडे वतन नव्हते, मग आमचे नाव कुठे असणार’ असे जे समजून बसतात त्यांनी आपल्या गावच्या पाटलाचे भांडण शोधावे. साक्षीला आपला पूर्वज उभा असण्याची शक्यता बरीच असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता डोक्यात ठेवा. पाटीलकी विकली जाई. दुष्काळात किंवा सरकारदेणे थकले की निम्मी पाटीलकी दुसऱ्या घराला द्यायची, मग दोन घरे पाटील. त्यातही तक्षिमा, म्हणजे वाटे, पडत. म्हणजे खंडातले जाधव पाटील खरे, तुमच्या घरची पाटीलकीची आठवणही खरी, आणि तरी दोन घराणी वेगळी असू शकतात. तुमच्याकडे कोणता वाटा होता, पोळ्याला मान पहिला की दुसरा, होळीची पोळी कोणाची, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. मानपानाचा क्रम गावाने कागदापेक्षा जास्त घट्ट धरून ठेवलेला असतो.

आता दरी. १७७२ मध्ये जो कर्ता पाटील होता तो चाळीशीचा धरला तर जन्म १७३० च्या आसपास. पणजोबा १८८५ च्या आगेमागे जन्मलेले. पंचवीस-तीस वर्षांची पिढी धरली तर मधे चार-पाच नावे बसतात. दीडशे वर्षे ऐकायला भयंकर वाटतात, चार-पाच नावे तशी वाटत नाहीत. आणि ती शोधायची पणजोबांकडून वर चढत.

सुरुवात सातबाऱ्यापासून. नावाखाली वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदींचे. प्रत्येक फेरफार काढला की त्यात ‘अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक’ अशी एक पिढी मिळते, आणि विधवा व मुलींची नावेही येतात, जी छापील वंशावळीत औषधालाही नसतात. जमीन विकली गेली असेल किंवा गट पडल्यामुळे नंबर बदलला असेल तर जुना सर्व्हे नंबर काढून मागे जावे लागते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफारांची शिडी तुम्हाला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेते. त्याच्या जोडीला गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंद, आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. भूमी अभिलेख खात्याने बऱ्याच जिल्ह्यांतले जुने कागद स्कॅन करून ‘आपले अभिलेख’वर ठेवले आहेत. शिवाय २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय जुन्या नोंदी चढल्या आहेत, त्यात मोडीचीही पाने आहेत. प्रमाणपत्र हवे असो वा नसो, वंशावळ करणाऱ्याने ती चाळायलाच हवीत.

१९०३ च्या मागे पाटलांच्या घराला एक खास सोय आहे. ती फारशी कोणी सांगत नाही. १८७४ चा वतन कायदा झाला तेव्हा पाटीलकी कोणत्या घराकडे, घरातला मुख्य कोण, पाळी कोणाची, हे सरकारला ठरवावे लागले. त्यासाठी चौकशा झाल्या, वतन रजिस्टरे झाली आणि हक्क सांगणाऱ्यांनी आपापल्या वंशावळी दाखल केल्या. पुढे १९६२ मध्ये मुलकी पाटलांचे पद रद्द झाले तेव्हा वतनी जमिनींच्या निमित्ताने पुन्हा कागद झाले. कुलकर्ण्यांसाठी असाच कायदा १९५० चा, गावातल्या कनिष्ठ वतनांसाठी १९५८ चा. हे कागद प्रांताधिकारी, तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेखकक्षात असतात. पाटीलकी खरोखर घरात असेल तर तुमच्या पणजोबांचा आजा याच रजिस्टरात सापडण्याचा संभव आहे, आणि तिथून १७७२ दोन-तीन नावांवर येते. त्याहून मागे इनाम कमिशनच्या, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी आयोगाच्या, चौकशा आहेत. त्याचा कायदा १८५२ चा. तुमच्या घराला नुसती पाटीलकी नसून इनाम जमीनही असेल तर तिकडे करीने मिळतात.

इथे जर-तर सुरू होते. साताऱ्याचे राज्य १८४८ ला खालसा झाले, त्यामुळे इंग्रजी मोजणीचे कागद पुण्या-नगरपेक्षा उशिरा सुरू होतात. वाईच्या आसपासचे गाव भोर संस्थानात गेलेले असेल तर तुम्ही भलत्याच दफ्तरात शोधत बसाल. गाव इनामी असेल तर इनामदाराच्या घरचे दफ्तर हाच मुख्य आधार. मराठवाड्यातल्या वाचकांना निजामाच्या राजवटीचे उर्दू-फारसी कागद लागतील, कोकणात खोताचे, विदर्भात मालगुजारीचे. गोव्याची तर रीतच निराळी: गावकारीच्या नोंदी, ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके आणि पणजीचे पुराभिलेखागार. मी इथे लिहितो आहे ते देशावरच्या पाटलाच्या घरापुरते.

गॅझेटियरबद्दल, म्हणजे जिल्ह्याच्या इंग्रजी माहितीग्रंथाबद्दल, तुम्ही विचारले नाही, पण विचाराल. सातारा जिल्ह्याचा भाग म्हणजे कॅम्बेलच्या मालिकेतला एकोणिसावा, १८८५ चा. दर्शनिका विभागाने जुने गॅझेटियर इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यात तुमचे पणजोबा नाहीत. गाव मोठे असेल तर शेवटच्या स्थळवर्णनात दोन ओळी, बाजार, देऊळ, घाट, पिके, दुष्काळाची वर्षे. वंशावळीला याचा उपयोग असा की माणसे का हलली हे कळते. १८७६ चा दुष्काळ, १८९६ नंतरचा प्लेग, १९१८ ची साथ या तीन ठिकाणी देशावरच्या पुष्कळ साखळ्या तुटतात. पोरके पोर मामाच्या गावी वाढले की पुढच्या कागदात गाव बदलते आणि शोधणारा गोंधळतो. धागा अचानक तुटला तर आजीच्या माहेरचे गाव तपासा. इंग्रजी खंडात शोधताना एक खबरदारी: जुन्या छपाईत गावांच्या नावांवर स्वरांच्या खुणा असतात, त्यामुळे संगणकाचा शोध चुकतो. गावाचे नाव दोन-तीन स्पेलिंगने आणि शेजारच्या गावाच्या नावाने शोधा.

छापील साधन म्हटले की लोक जाड खंडच बघतात. तुमच्यासारख्या गिरणगावातल्या घराला एक हलके साधन जास्त उपयोगी पडेल. मुंबईत गावाच्या नावाने खोली होती का, ग्रामस्थ मंडळ होते का? असेल तर त्यांनी रौप्यमहोत्सवाला, सुवर्णमहोत्सवाला स्मरणिका काढलेली असते. त्यात संस्थापक सभासद, देणगीदार, गावातली भावकी, सगळे असते. शाळेच्या शताब्दीच्या अंकात तसेच. गावच्या देवळात जीर्णोद्धाराची पाटी वाचा. पहिल्या महायुद्धाला किती माणसे गेली याची संगमरवरी पाटी साताऱ्याच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेवर आहे. त्या पाटीवर आकडे असतात, नावे नसतात. पण युद्धात पडलेल्या शिपायांच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या नोंदी खुल्या आहेत आणि त्यात पुष्कळदा बापाचे नाव व गाव दिलेले असते. पणजोबांचा एखादा भाऊ मेसोपोटेमियात गेलेला असेल तर तुमच्या खापरपणजोबांचे नाव तिथे छापलेले मिळेल. आडनाव बदलले असेल तर सरकारी राजपत्रातली नावबदलाची जाहिरात पाहा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या छापील नाहीत, पण सोडू नका. त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर. तिथे पूर्वजाने स्वतः सांगून लिहिवलेली नावे असतात, म्हणून मी त्या वंशावळीवर बराच विश्वास ठेवतो. गावोगाव फिरणारे हेळवी पिढ्या म्हणून दाखवतात, तेही ऐका आणि उतरवून घ्या. जवळच्या पाच-सहा पिढ्यांत ते फारसे चुकत नाहीत. तिथून वर गेले की सगळीच घराणी एकदम सूर्यवंशी किंवा चंद्रवंशी होतात. शहाण्णव कुळींच्या छापील याद्यांचेही तेच. एका यादीचा दुसरीशी मेळ नाही. तुमचे आडनाव कुठल्यातरी यादीत असणारच, त्याने काही सिद्ध होत नाही.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: सुतकाची घरे, मग फेरफार आणि गाव नमुना १४, मग वतन रजिस्टर, आणि त्यानंतर खंडातल्या नोंदीवरून मूळ रुमाल. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्यामुळे वाटेत रामजी-संताजी-रामजी-संताजी असे चक्र लागेल. प्रत्येक नावापुढे साल आणि वतनाचा वाटा लिहीत गेलात तर दोन रामजी एक होणार नाहीत. जोडणी झाली नाही तर मधे तुटक रेघ ओढा. तुटक रेघ असलेली वंशावळ मी आदराने वाचतो.

राहिले ते गृहस्थ. मोडी वाचणाऱ्याला पैसे देण्यात काही गैर नाही, ते कष्टाचे काम आहे, आणि तहसीलच्या फेऱ्या मारायला कोणी मिळाले तर उत्तमच. पण ‘पूर्ण वंशावळ’ असा सौदा करू नका, पानावर किंवा दिवसावर करा. पूर्ण वंशावळीचे पैसे ठरले की ती पूर्ण होतेच, कागद असो वा नसो. आधी त्यांना तुमच्या गावचे एक मोडी पान वाचायला द्या आणि तेच पान दुसऱ्या वाचकाकडून वाचून घ्या. दोन्ही वाचने शब्दाला शब्द जुळली नाहीत तरी नावे, गावे आणि सन जुळलेच पाहिजेत. आणि प्रत्येक नावामागे मूळ पानाचा फोटो, कुठल्या दफ्तरातले, रुमाल किंवा रजिस्टर क्रमांक, हे हवे अशी अट लेखी घाला. या अटीवर ते तयार झाले तर काम द्या.